न मागणाऱ्याचा घास

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, मेंदूच्या प्रयोगशाळेतला निवृत्त पिंजरेवाला, सगळ्यांचा ‘मामा’, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. दुपारी डुलकी लागते, तेवढी सोडली तर डोकं ठिकाणावर आहे.

१. माझा चष्मा, भिंग आणि पिंजऱ्यांच्या कड्या वळवायची पक्कड धाकट्या लेकीला द्यावी. लहानपणापासून तिचा त्यांच्यावर डोळा आहे.

२. निळी वही संशोधक बाईंकडे पोचवावी. उंदीर अंधारात जागे असतात, म्हणून आमच्या खोलीत भरदिवसा रात्र करून फक्त लाल दिवा लावत. एकतीस वर्षं मी त्या लाल संधिप्रकाशात वावरलो. अजून डोळे मिटले की खटके वाजतात, टिक, टिक. उंदराने खटका दाबला की साखरपाण्याचा थेंब. बाई सांगत, मेंदूतल्या पेशींना बारीक दारं असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. डोपामाइन नावाचं रसायन येऊन कडी वाजवतं, दार उघडतं, की जीव उठून धावतो. औषधाने ती दारं बंद केली, तर उंदीर खटक्याशेजारी नुसते बसून राहिले, स्वप्नात असल्यासारखे.

“मामा, यांची गोडीच गेली,” बाई म्हणाल्या.

“बाई, जिभेवर थेंब ठेवून तरी बघा.”

“तुम्ही पिंजरे बघा, निष्कर्ष मी बघते!”

मला राहवलं नाही. पंधरा दिवस मी ड्रॉपरने चोरून पाजलं. ते मिटक्या मारत, पंजे चाटत. गोडी शाबूत होती, उठायची ओढ तेवढी गेली होती. पण पोटं भरल्याने बाईंचे आकडे बिघडले आणि मी मूग गिळून बसलो. वहीत सगळं तारखेनिशी आहे. रागावल्या तर हक्क आहे त्यांचा.

३. राहतं घर माझ्या पत्नीचं. तिच्या पश्चात थोरला आणि धाकटी, निम्मं निम्मं. वकीलसाहेब म्हणाले, “जो आईला सांभाळेल त्याला घर, असं लिहा. पोरं वठणीवर येतील.” मी हात जोडले. जन्मभर खटका दाबणाऱ्याला साखर दिली. पोटच्या पोरांना खटक्यापुढे बसवणार नाही. कोणी काही केलं नाही, तरी वाटणी हीच राहील.

४. आता अट नव्हे, विनंती. हिच्या मेंदूत तेच रसायन आटत चाललंय, असं डॉक्टर म्हणतात. ती खिडकीशी बसते, ढगांकडे बघते, ताटाला हात लावत नाही. परवा थोरला म्हणाला, “बाबा, आईला तीनदा विचारलं, नको म्हणाली. कशाला जबरदस्ती?” लेका, तुझ्यावर राग नाही. शिकल्यासवरल्या बाईही तिथेच फसल्या. आई मागणार नाही, म्हणून तिला नकोय असं समजू नकोस. कुस्करलेल्या केळ्याचा इवलासा घास ओठांना लाव आणि मनात वीस आकडे मोज. चेहरा सावकाश उजळतो, लांबून कोणी दिवा घेऊन यावं तसा. तोंड फिरवलं तर थांब. पण वीस मोजल्याशिवाय ताट उचलू नकोस.

ठिकाण: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: ९ ऑक्टोबर.
सही: मामा

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी, कोपऱ्यावरचे औषधवाले.
मामांनी हे आम्हाला वाचून दाखवलं आणि आमच्यादेखत सही केली. चौथं कलम वाचताना मध्येच उठून ते पत्नीला भरवून आले. तोवर आम्ही थांबलो.