टॅन्सीचा फोटो आणि सातवीचा तास

मी, ऑर्फा मे स्टिल्टनर, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार बेल्स क्रीक, वेस्ट व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. कॅन्सरने यकृत धरलं आहे, डोकं नाही. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहतं घर, नवऱ्याची हत्यारं आणि बँकेतली शिल्लक भाचा हॉबर्ट यास. व्यवस्थाही त्यानेच पाहावी. हातोडी कुणालाही उसनी द्यावी, दुखण्याची गोळी देऊ नये. खाणीत पाठ मोडलेली माणसं इथे घरोघरी, त्यामुळे गोळी देणं हा आमच्या खोऱ्यात शेजारधर्म. माझी मुलगी टॅन्सी सॉफ्टबॉल खेळताना गुडघ्यावर पडली, तेव्हा एक शेजारीण जेवणाच्या भांड्याबरोबर गोळ्याही घेऊन आली. मायेनेच. गोळ्या अफूच्या जातीच्या, चटक लागली; त्यांनी पोरीला सोडलं नाही.

२. माझ्या गोळ्या कुलपाच्या पेटीत आहेत. सगळे चर्चमध्ये असताना मयताच्या घरातलं औषधांचं कपाट साफ होतं, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून अंत्यविधीच्या वेळी माझी मैत्रीण नेडीन टोलर हिने माझ्या घरी बसावं आणि गोळ्या शेरीफच्या कचेरीत जमा कराव्यात. एवढा भरवसा दुसऱ्या कुणावर नाही. शिवाय माझ्या शवपेटीशेजारी तिचं भाषणही टळेल.

३. नेडीनविषयी. सातवीला गोळ्यांचे धोके शिकवायचा तास आम्ही दोघींनी सुरू केला. तिचा मुलगा गॅरेटही याच गोळ्यांच्या तावडीत सापडला होता. जास्त गोळ्यांनी श्वास थांबला तेव्हा नाकात फवारायच्या उताऱ्याच्या औषधाने तो परत आला, माझी आली नाही. आता तास तोच घेतो आणि पोरं त्याला सोडत नाहीत. एक मुलगी मला म्हणाली, "आजी, तुमचं ऐकून भीती वाटते. त्याचं ऐकून घरी सांगून टाकावंसं वाटतं."

परतताना गाडीत नेडीनने विचारलं, "ऑर्फा, माझ्या पोरावर जळतेस होय गं?"

"त्याच्यावर कशाला? तुझ्यावर."

अजून जळते. तिच्या अंगणात त्याची गाडी दिसली की पडदा ओढून घेते.

४. मी तासाला नेत असे तो टॅन्सीचा फोटो गॅरेट टोलर यास. मुलं उदास होतात, फोटो आता नको, असं मुख्याध्यापक म्हणतात. गॅरेटने त्यांचं ऐकू नये. फोटो टेबलावर ठेवावा, आधी तिचं नाव घ्यावं, मग स्वतःचं सांगावं. परत आलेला आणि न आलेली, मुलांना दोघंही दिसली पाहिजेत.

फोटो त्याने स्वतःजवळ ठेवावा. नेडीनकडे ठेवायला देऊ नये. तिला तिचं मूल आहे.

सही: ऑर्फा मे स्टिल्टनर

मी सही करताना समोर हजर:
आयना ब्लँकनशिप, पोस्टातील
डॅरेल मन्सी, घरी येणारा नर्स

बेल्स क्रीक, १४ ऑक्टोबर २०१९