डोकी नसलेला फोटो

प्रिय चिमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर आपण गुडघे, औषधं आणि हवा यांच्या पलीकडे कधी जात नाही, म्हणून लिहायला बसले.

स्टुडिओ बंद केल्यापासून मी दिवसभर खिडकीत बसून समोरच्या लाँड्रीवाल्याच्या इस्त्रीवर मनातल्या मनात टीका करत असे. शेजारच्या निवृत्त नर्सबाईंना ते बघवेना. त्यांनी मला अक्षरशः दंडाला धरून वाचनालयात नेलं. तिथे दर शनिवारी ज्याला वाटेल त्यानं आधी नाव नोंदवून आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची. दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला ग्रंथपालबाई घंटा वाजवतात. पहिल्याच दिवशी एका कुलूपवाल्यानं स्वतःच्याच घराबाहेर अडकल्याची गोष्ट सांगितली. बायको गेल्यापासून हा माणूस पहिल्यांदाच एवढं बोलला, असं नर्सबाई कानात म्हणाल्या. मलाही खुमखुमी आली.

मी अग्निशमन दलाच्या फोटोचा किस्सा सांगितला. तो तुला सांगायला नकोच, पण मी कसा सांगितला ते ऐक. बाबांची पाठ धरलेली, म्हणून आपण दोघी मोठा कॅमेरा घेऊन गेलो. एका ओळीत चोवीस जवान, नवेकोरे गणवेश. कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडाखाली काचेवर सगळं उलटं दिसतं. त्या उलटापालटीत धाकटीनं, म्हणजे तू, बूट सांभाळले आणि डोकी सोडली. एकाचंही डोकं आलं नाही! दलाचे साहेब फोटो घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "यातला मी कुठला, तेवढं सांगा." शेवटी पोटावरून ओळख पटली.

लोक इतके हसले की नर्सबाईंना उचकी लागली. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यानं कोबी हातात देत म्हटलं, "घ्या फोटोवाल्या बाई, याला डोकं आहे." आता रस्त्यात चार माणसं थांबून बोलतात. झोप लागते. डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी कमी केली. मग शाळेतून, आरोग्य केंद्रातून बोलावणी यायला लागली आणि मी गोष्ट रंगवत गेले. दर खेपेला तू थोडी जास्त वेंधळी होत गेलीस. एकदा तर मी तुला जाड भिंगांचा चष्माही लावला.

गेल्या आठवड्यात हीच गोष्ट वृद्धाश्रमात सांगितली. सगळे हसत होते, चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा सोडून. गोष्ट संपल्यावर त्यांनी हात वर केला.

"मी होतो त्या फोटोत. डावीकडून सहावा. धाकटी तर आमच्या टोप्या सरळ करत होती. कापडाखाली तुम्ही होतात, बाई."

पळून जावं म्हटलं तर दारात चहाची गाडी आडवी. मग मी म्हणाले, "हो. मीच होते." आणि एकदा तोंड उघडल्यावर उरलेलंही सांगितलं. बाबांनी "कुणी काढला?" विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बोट केलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि अवाक्षर काढलं नाहीस. बाबांनी पुन्हा तुला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. फोटोची नजर तुझी होती, स्टुडिओ मला मिळाला, आणि तू जन्मभर टेलिफोन ऑफिसात दुसऱ्यांचे नंबर जोडत बसलीस.

कुणी हसलं नाही. सहावे आजोबा तेवढे समजुतीनं म्हणाले, "बूट मात्र झकास आले होते हो." मागून एका आजींनी विचारलं, "अगं, पण हे तिला सांगितलंस का?"

नाही सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत नाही. परक्या माणसांनी भरलेल्या खोलीत सांगितलं आणि तुला सांगायचं राहिलं, म्हणून हे पत्र. तुला सगळं ठाऊकच आहे, पण मला ठाऊक आहे की तुला ठाऊक आहे, हे तरी कुठे मी कधी कबूल केलं? तेव्हा तू गप्प का राहिलीस, हे विचारायलाही मी भीत आले. महिनाअखेरच्या शनिवारी वाचनालयात माझी पाळी होती. माझं नाव खोडून तुझं लिहायला सांगितलंय, तुला न विचारता, माझ्या सवयीप्रमाणे. ये आणि तुझ्या तोंडानं सांग, मला काय हवं ते म्हण. यावंसं वाटलं नाही, तर तेही मी समजेन. पण माफी चारचौघांत मागितली की टाळ्या पडतात. मला त्या नकोत. म्हणून इथेच मागते, चिमे. चुकले मी.

तुझीच,
फार उशिरा खरं बोललेली ताई