तयार झालेला हात

प्रिय चिमणे,

फोनवर माझ्या आजाराचं काढलं की तू लगेच विषय बदलतेस, म्हणून लिहितोय. अक्षर वाकडं दिसेल. पेन बोटांत आहे की नाही हे हल्ली बघून ठरवावं लागतं. आई म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. नको म्हटलं. आजाराचं मूळ एका प्रथिनात आहे, आणि तिला प्रथिन म्हटलं की अजून अंडीच आठवतात.

कारखाना चालू आहे. मी खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या चुका काढतो. त्यानेही थकायला होतं.

आजोबा आठवतात ना? भट्टीतून निघालेली स्प्रिंग ते चिमट्याशिवाय उचलायचे. सगळे म्हणायचे, हात तयार झालाय. पुढे त्यांच्या हातून कप पडू लागले, चालताना चप्पल मागे राहिली तरी त्यांना पत्ता नसायचा. आपण म्हटलं, वय झालं. माझ्या बोटांना चटका लागेनासा झाला तेव्हा मला तर बढती मिळाल्यासारखं वाटलं होतं. जिन्यात धाप लागायला लागली, तेव्हा कुठे दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या, पण चिकाटीच्या. मी शाळा अर्धवट सोडली असली तरी अर्धवट समजलेलं मला चालत नाही. पुन्हा पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. प्रथिन म्हणजे लांब साखळी. कड्यांचा क्रम ठरलेला, आणि त्या क्रमामुळे ती एका ठरावीक आकारात दुमडते. आकार आहे तोवर काम आहे. हे मला का पटू नये? एकाच तारेची एक स्प्रिंग दार ओढून घेते, दुसरी पेनाचं बटण वर उडवते. सरळ केल्या तर दोन्ही नुसती तार. फरक इतकाच, की तार मला वळवावी लागते आणि साखळी आपली आपण वळते.

माझ्या यकृतात बनणारं एक प्रथिन चार तुकडे जुळून उभं राहतं आणि रक्तातून माल वाहतं. आमच्या घराण्यात, आजोबांपासून, त्यातली एक कडी चुकीची आहे. त्यामुळे चौघांची पकड ढिली पडते, तुकडे सुटतात, आकार बिघडतो, आणि बिघडलेले एकमेकांना चिकटून स्पर्श कळवणाऱ्या नसांत नि हृदयात गाळासारखे साचतात. औषध आहे. ते त्या चौघांच्या सांध्यात बसतं आणि त्यांना सुटू देत नाही. पण साचलेलं काढत नाही, गेलेली नस परत देत नाही. मला उशीर झाला. मी घेतोय, इतकंच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मागच्या खेपेला तू कारखान्यात आलीस, गप्पांच्या नादात ट्रेमधली गरम स्प्रिंग उचललीस आणि बोलतच राहिलीस. मी सगळ्यांना हाक मारून दाखवलं, बघा, पोरीचा हात न शिकवता तयार. तूही खूश झालीस. संध्याकाळी आईने तुझ्या बोटांवरचे फोड पाहिले. ती कडी तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी आहे. रक्ताची एक तपासणी, बस. डॉक्टरीणबाईंना तुझं नाव सांगून ठेवलंय. माझं त्या दिवशीचं कौतुक मी परत घेतो. तुला चटका लागायला हवा होता, पोरी.

तुझाच, आता चिमटा वापरणारा,
बाबा