कोपर वाकवा, आजी

कळंब, १२ नोव्हेंबर २०२४

ती. सोनुमावशीस,
अक्षदाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आई खळ्यावर भाताच्या पेंढ्यावरून घसरून पडली आणि उजव्या कोपराचं हाड मोडलं. कर्जतचे डॉक्टर म्हणतात, प्लेट बसवली नाही तर हात वाकणार नाही, घाससुद्धा दुसऱ्याने भरवायचा.

पुढचं तर त्याहून भयंकर. आईचं हृदय नाजूक, म्हणून पूर्ण भूल द्यायची नाही. कोपर तेवढं बधिर करणार आणि ती टक्क जागी असताना कापणार! आई मात्र म्हणते, दुसऱ्याच्या हातचा घास मी खायची नाय.

काकांना नमस्कार. माया आहेच, ती असू दे.

तुझी अक्षदा

खोपोली, १५ नोव्हेंबर

चि. अक्षदास अनेक आशीर्वाद.

वाचता वाचता चहा सांडला गं! बोटातला काटा काढताना डोळे मिटणारी तुझी आई, आणि तिला जागेपणी चिरणार? डॉक्टर आहे की खाटीक? अजिबात नेऊ नकोस. नाही वाकला हात तर मी येऊन भरवीन. लहानपणी मीच भरवायची.

देव तुम्हाला सुबुद्धी देवो.

तुझी मावशी

कळंब, ५ जानेवारी २०२५

ती. सोनुताईस,
आनंदीचा सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझं आहे. तुझं पत्र आलं तेव्हा मी टाके घालून घरी आले होते.

ताई, दुखलं नाही. पडद्याआडून ठोकाठोक तेवढी ऐकू येई. मग डॉक्टर म्हणाले की आजी, कोपर वाकवा, हात तोंडाकडे न्या, प्लेट धरते का बघू. हात वाकला, पण तोंडाशी थांबलाच नाही. सरळ कपाळाकडे निघाला, कुंकू लावायला जातो तसा. बोट टेकणार तोच नर्सने मनगट धरलं. मी हमसून रडले. त्यांना वाटलं, भूल उतरली.

हे गेले त्या दिवशी माझं कुंकू तू पुसलंस. रीतच होती, तुझ्यावर राग नाही. पण माझा हात ते विसरला नव्हता, याचा मलाच धक्का बसला.

संक्रांतीला तुझ्याकडच्या हळदीकुंकवाला मी येणार आहे. तू लावलंस तर आनंद आहे. नाही लावलंस, तर माझा हात आता पोचतो.

थोरलेपणाची माया राहू दे.

तुझी धाकटी,
आनंदी