हातांनी घेतलेलं नाव

प्रिय ब्रिजेट,

काल रॉचेस्टरच्या चर्चमध्ये लग्न लागताना तू स्वतः लिहिलेलं वचन वेस्लीला हातांनी सांगत होतीस. त्याच्याकडच्या सगळ्यांना ते कळत होतं, मला नाही. तुला ऐकू येत नसलं तरी लहानपणापासून तू आमचे ओठ वाचतेस, म्हणून तुझी खुणांची भाषा शिकायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. दुभाषी बाई बर्फात अडकल्या होत्या, म्हणून विहीणबाई अडेल माझ्या कानात सांगत होत्या.

"ती म्हणतेय, तुझ्या घरी जेवताना मी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर हसले. आमच्याकडे सगळे हसून झाले की मी विचारायचे, काय झालं? आई म्हणायची, काही नाही गं, नंतर सांगते. वेस्ली, आपल्या टेबलावर कुणालाही 'नंतर' म्हणायचं नाही, हे माझं वचन."

मी पुढच्या बाकाला धरलं. मला वाटायचं, आपलं घर किती हसरं!

"अहो मॉरीन, पाणी देऊ का?" अडेल म्हणाल्या.

मग वेस्लीची पाळी आली. त्यानं गालावर, तुझी खळी पडते तिथे, दोनदा बोट टेकवलं.

"हे काय?" मी विचारलं.

अडेल माझ्याकडे बघतच राहिल्या. "हे तिचं खुणांच्या भाषेतलं नाव. आम्ही सगळे तिला अशीच हाक मारतो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

बाळा, सकाळपासून मी आरशासमोर ते नाव घ्यायला शिकतेय. कागदावर ते लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र पाठवत नाही. तुम्ही मधुचंद्राहून परत आलात की मीच येते.

तुझी,
आई