वायरलेसवर गप्प

ओर्ता बंदर, अझोर्स
१२ जून १९७५

प्रिय मारिवॉनताई,

मी सुखरूप पोचलो, आणि शर्यतीत पहिला आलो. इथल्या रिवाजाप्रमाणे धक्क्याच्या भिंतीवर माझ्या होडीचं नाव रंगवलं. शेजारी लोएझदाजींच्या होडीसाठी जागा सोडली आहे. आईचा खोकला कसा आहे?

दाजी अजून आलेले नाहीत. घाबरू नकोस, त्यांची होडी जड आहे. निघताना सगळ्यांसमोर म्हणाले, "मेव्हण्या, माझ्या मागे मागे ये, म्हणजे वाट चुकणार नाहीस!" फार झोंबलं मला. म्हणून वाटेत वायरलेसवर तोंडच उघडलं नाही. बोललं की आपला ठावठिकाणा कळतो.

ताई, रविवारी वादळात त्यांनी तीनदा हाक मारली. "मेव्हण्या, ऐकतोयस ना?" मला वाटलं, माझा पत्ता काढतायत. मी हसलो आणि गप्प बसलो.

आता बांधलेल्या होडीत बसून दर तासाला मीच हाका मारतोय. माझीच युक्ती ते माझ्यावर उलटवत असतील. त्यांचा स्वभाव तसाच आहे ना गं?

मुलांना पापा.

तू तरी मला उत्तर दे.

तुझा धाकटा,
त्युदुआल