ॲव्हरेज मुलगा

बाबा,

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही गेलात, आई सस्काटूनचं घर विकून माझ्याकडे कनाटाला राहायला आली, माझे केस पिकायला लागले, तरी राग आहे तिथेच आहे. आई म्हणते, "गेलेल्या माणसावर काय रागवायचं?" तुम्ही जिवंत असताना ऐकून घेतलं असतंत तर आता रागवावं लागलं नसतं, एवढंच मी तिला सांगतो आणि विषय बदलतो.

तुम्हाला इथला तो हाताने खेळायचा फुटबॉल कधी आवडला नाही. दिवसभर पोटॅशच्या खाणीत डोकं घालून घरी आलेल्या इंजिनिअरला हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणाऱ्या पोरांत काय बघायचं ते कळत नव्हतं. पण मी क्वार्टरबॅक होतो, बाबा. आदळणारे दुसरे. मी मागे उभा राहून, अंगावर कोण धावून येतंय याची पर्वा न करता, चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवणारा. सगळा डाव क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होतो. हायस्कूलमध्ये ती जागा मी कमावली होती. बर्फ पडला की बेसमेंटमध्ये जुनी गादी भिंतीला उभी करून तिच्यावर चेंडू फेकत राहायचो आणि तुम्ही वरून ओरडायचात, "हात मोडून घे एकदाचा, म्हणजे तुझा पेपर आई लिहील." एकदाच तुम्ही सामन्याला आलात, थंडीचा जाड पार्का घालून, मांडीवर थर्मास घेऊन. अगदी शेवटी मी फेकलेला लांबलचक पास आमच्या टीममधल्या मुलाने झेलला आणि आम्ही जिंकलो. पार्किंगमध्ये कुणाचे तरी वडील तुम्हाला म्हणाले, "युअर किड हॅज सम आर्म." तुम्ही हसून म्हणालात, "नो, नो. जस्ट लक." गाडीत बसल्यावर, त्याआधीचा पास दुसऱ्या टीमच्या हातात कसा गेला, हे मला विचारलंत.

आणि मग ते जेवण. युनिव्हर्सिटीच्या टीमचे कोच आपल्या घरी येतात. त्यांना एक क्वार्टरबॅक घ्यायचाय आणि त्यांच्यासमोर दोन मुलं आहेत, एक मी, एक दुसऱ्या शाळेतला. पाहुणा येणार म्हणून तुम्ही स्वतः ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केलाय, आईने श्रीखंड-पुरी केलीय, मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलोय. पुऱ्या संपत आल्यावर कोच तुमच्याकडे वळून विचारतात, "पास फेकताना मी त्याला पाहिलंय. टीम हरत असताना तो कसा असतो, ते तुम्ही सांगा. तुम्ही वडील आहात." आणि तुम्ही, चेहऱ्यावर ते यजमानाचं हसू ठेवून म्हणता, "ही इज ॲन ॲव्हरेज बॉय. लिटल लेझी. अंडर प्रेशर, ही पॅनिक्स." आई पुरी वाढता वाढता थांबते. "अहो, काय बोलताय?" तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नाही. "प्लीज, मोअर श्रीखंड," तुम्ही कोचना म्हणता.

आपल्याकडे असंच बोलतात, हे मला कळत नाही असं नाही. आपल्या पोराचं कौतुक आपल्या तोंडाने करायचं नाही. आपण नावं ठेवायची, मग पाहुण्याने म्हणायचं, छे हो, गुणी आहे मुलगा. मंडळाच्या गणपतीत तुम्ही सगळे काका लोक हेच करायचात. ज्याची मुलगी मेडिकलला गेली तो सांगायचा, लागला कसातरी नंबर, आणि बाकीचे त्याला खोटं पाडायचे. पण तुमच्यासमोर बसलेला माणूस प्रेअरीतल्या गव्हाच्या शेतात वाढलेला होता. त्याच्या वाट्याचं वाक्य त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने चमचा खाली ठेवला, मान हलवली आणि तुमचा शब्द खरा मानला.

जागा त्या दुसऱ्या मुलाला मिळाली. मला राखीव म्हणून घेतलं. कारण विचारायला गेलो तर कोच चांगुलपणाने म्हणाले, "सन, युअर ओन डॅड टोल्ड मी." पुढचे सगळे सीझन मी मैदानाच्या कडेला टोपी घालून, थंडीत पाय आपटत, दुसऱ्याला हातवारे करून डाव सांगत उभा राहिलो. खेळायला मिळालं ते एकदाच, तेही सामना हातचा गेल्यावर. घरी येऊन मी तुमच्यावर भडकलो तेव्हा तुम्ही पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाहीत. "त्याला कळायला नको होतं का?" म्हणालात. "बरं झालं, अभ्यासाला वेळ मिळेल." माझं सगळं आयुष्य त्या वाटीभर श्रीखंडाबरोबर तुम्ही त्याला वाढून टाकलंत, आणि वर म्हणता बरं झालं. आता आई सांगते, त्यांना मनातून फार अभिमान होता रे. असेल. मनातल्या मनात ठेवलेला अभिमान घेऊन मी काय करू, बाबा? तो त्या टेबलावर हवा होता.

हे सगळं आज वर आलं ते माझ्या मुलीमुळे. ती फ्लॅग फुटबॉल खेळते, त्यात पाडापाडी नसते, कमरेची पट्टी ओढायची असते. सकाळी तिच्या कोचने मला सहज विचारलं, कशी वाटते तुम्हाला ती? मी म्हटलं, "शी इज गुड. शी इज रिअली गुड." बोलताना माझे कान तापले, जिभेला सवयच नाही. ती मागेच उभी होती. गाडीत बसल्यावर सीटबेल्ट लावता लावता तिने विचारलं, "डॅड, डिड यू मीन इट? ऑर वेअर यू जस्ट बीइंग नाइस?" मी हो म्हटलं, खरंच वाटतं म्हणून म्हटलं. तिचं समाधान झालं आणि तिने रेडिओ लावला.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? आईलाही दाखवणार नाही. पण पोरीने सीटबेल्ट लावता लावता जे विचारलं, ते मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात, मी तासन् तास शेजारी बसून असायचो, तेव्हाही नाही. तुम्ही रीत म्हणून बोललात, असं मी परस्पर धरून चाललो आणि त्या रीतीवर इतकी वर्षं रागावत आलो. विचारायची भीती वाटत होती, बाबा. न जाणो, तुम्ही म्हणाला असतात, "रीत कसली? मला तसंच वाटत होतं."